फायब्रोमायल्जिया की हायपोथायरॉइड? अंगदुखीच्या निदानात गफलत नेमकी कुठे होते

कुळागर

गोव्यात अंगदुखी आणि थकवा घेऊन फिरणाऱ्या बायकांच्या फायलीत हल्ली दोन कागद हमखास सापडतात. एकावर 'टीएसएच ६.८, थायरॉइड, २५ची गोळी', दुसऱ्यावर 'फायब्रोमायल्जिया, रात्री प्रीगाबालिन'. पहिला कागद हायपोथायरॉइडचा: थायरॉइड ग्रंथी कमी पडते, तिला कामाला लावणारं टीएसएच हे संप्रेरक रक्तात वाढतं, म्हणून २५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिनची गोळी. दुसरा सर्वांग दुखत राहण्याच्या आजाराचा, म्हणून वेदनेवरचं औषध. दोन्ही डॉक्टर वेगळे, दोघांनी एकमेकांचा कागद पाहिलेला नसतो. पेशंटचं गाऱ्हाणं मात्र एकच: 'सगळें आंग मोडून येता, सकाळीं उठूंक जायना.' पुरुषांतही दोन्ही आजार होतात, पण प्रमाण बरंच कमी.

थकवा, झोपून उठल्यावरही न गेलेली मरगळ, विसराळूपणा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं, खिन्नता, हातापायांचं दुखणं ही लक्षणं दोन्हीकडे सापडतात. मग कुठला आकडा आला की थायरॉइडला दोष द्यायचा आणि कुठे थांबून फायब्रोचा विचार करायचा? गोळी सुरू केल्यावर किती थांबायचं? जाणकारांनी तपशिलात लिहावं. 'ग्लूटेन सोडा' छापाचे प्रतिसाद नकोत.

मांडवीकाठ

कुळागर, प्रश्न बरोबर मांडलात, पण त्यातला 'की' थोडा सैल करू या. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, कारण दोन्ही आजार भरपूर आहेत. देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत (त्यात गोवाही होता) प्रौढांमधलं हायपोथायरॉइडचं प्रमाण सुमारे ११ टक्के निघालं. फायब्रोमायल्जिया साधारण २ टक्के लोकांत धरतात. दोन्ही मध्यमवयीन बायकांत जास्त. म्हणजे काही जणींच्या बाबतीत दोन्ही एकत्र येणार हे नुसत्या गणितानेही ठरलेलं आहे. हाशिमोटोत, म्हणजे थायरॉइडवर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला करण्याच्या आजारात, फायब्रो अधिक दिसतो असं काही अभ्यासांत आढळलं आहे, ते वेगळंच.

आता आकडे. दोन नमुने घेऊ.

समजा वय ४२, वजन ६० किलो, टीएसएच ६.८, फ्री टी४ (रक्तातलं मोकळं, वापरता येणारं थायरॉइड संप्रेरक) १.१, सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) १०५. टीएसएच किंचित वर, पण प्रत्यक्ष संप्रेरक पुरेसं. याला सबक्लिनिकल म्हणतात. एवढ्याशा बिघाडाने सर्वांगाची, महिनोन् महिने टिकणारी, स्पर्शानेही वाढणारी दुखणी सहसा होत नाहीत. इथे पहिली पायरी गोळी नाही. पहिली पायरी म्हणजे दोनतीन महिन्यांनी टीएसएच आणि फ्री टी४ पुन्हा, सोबत एकदाच अँटी-टीपीओ (हाशिमोटोची प्रतिपिंडं शोधणारी तपासणी). बऱ्याच जणांचा टीएसएच तोवर आपणहून खाली आलेला असतो.

समजा दुसरी: टीएसएच ५८, फ्री टी४ ०.४, सीके ९४०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९०, आवाज घोगरा, डोळ्यांखाली सूज, नाडी ५६. हिची अंगदुखी थायरॉइडचीच आहे असं धरून चालायचं. स्नायूंतल्या ऊर्जेच्या कारभारालाच टी४-टी३ (थायरॉइडची संप्रेरकं) लागतं. ते कमी पडलं की स्नायू हळू आकुंचन पावतात, त्याहून हळू सैल होतात, त्यांत पेटके येतात आणि सीके रक्तात झिरपतं. फायब्रोत सीके नॉर्मल असतं, कारण तिथे स्नायू बिघडलेलाच नसतो. मेंदू आणि मज्जारज्जूतली वेदनेची यंत्रणा अतिसंवेदनशील झालेली असते.

गफलत होते ती अशी. या दुसऱ्या बाईला फायब्रोची प्रश्नावली दिली तर ती पास होईल, कारण प्रश्नावली लक्षणं मोजते, कारण मोजत नाही. २०१६च्या निकषांत तर स्पष्ट लिहिलंय की दुसरा आजार असला तरी फायब्रोचं निदान ग्राह्य. याचा अर्थ 'दोन्ही असू शकतात' एवढाच घ्यायचा. 'दुसरा आजार शोधूच नका' असा घेतला की चुकलंच.

उलट गफलतही तितकीच होते, किंबहुना आपल्याकडे तीच जास्त: टीएसएच ६.८ची बाई, गोळी २५, दुखणं तसंच, म्हणून ५०, मग ७५. टीएसएच ०.१वर जातो. छातीत धडधड, झोप उडालेली, हात थरथरतात आणि दुखणं वाढतं, कारण झोप मोडली की फायब्रो भडकतोच. शिवाय टीएसएच दाबलेला राहिला तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो. साठीनंतर हे फार महागात पडतं.

आबोली

मग ६.८ला कधीच गोळी द्यायची नाही का? काही ठिकाणी ४.५च्या वर गेला की लगेच चिठ्ठी लिहितात.

मांडवीकाठ

आबोलीताई, कधीच नाही असं नव्हे. टीएसएच कायम १०च्या वर असेल तर बहुतेक जण उपचार करतात. १०च्या आत वय, टीपीओ, गलगंड, कोलेस्टेरॉल, लक्षणं सगळं पाहून ठरवायचं. गरोदर असेल किंवा दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असतील तर नियमच वेगळे, तिथे थांबायचं नाही, डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवायचं. वय ६५च्या पुढे असेल तर ५-६-७ टीएसएच हा बऱ्याचदा वयाचाच भाग असतो. २०१७ साली ७३७ ज्येष्ठांवरच्या 'ट्रस्ट' चाचणीत सबक्लिनिकल थायरॉइडला गोळी देऊन लक्षणांत काहीच फरक पडला नाही.

तरुण पेशंटमध्ये लक्षणं असतील तर गोळीची मुदतबंद परीक्षा घेता येते: टीएसएच नॉर्मल झाल्यावर तीनएक महिने पाहायचं, फरक नाही तर डॉक्टरांनी गोळी काढायची. दुर्दैवाने 'काढायची' हा भाग कोणीच पाळत नाही. एकदा चिठ्ठीवर थायरॉइड लिहिलं की ते रेशनकार्डावरच्या नावासारखं कायमचं चिकटतं.

लॅबवाला_म्हापसा

आकड्यांवर एवढं अवलंबून राहायचं तर आकडा कसा येतो हेही बघा.

आपल्याकडे बहुतेक जण 'टी३ टी४ टीएसएच' असं पॅकेज मागतात. त्यातले टी३-टी४ एकूण असतात, म्हणजे प्रथिनाला चिकटलेला साठा धरून. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर ते प्रथिन वाढतं आणि एकूण टी४ उगीच वर दिसतं. या विषयात उपयोगी पडतात ते टीएसएच आणि फ्री टी४. अंगदुखी असेल तर सीके जोडा. टी३ इथे काही सांगत नाही, हायपोत ते शेवटपर्यंत नॉर्मल राहू शकतं.

उपाशीपोटी यायची गरज नाही. पण टीएसएच रात्री आणि पहाटे वर, दुपारी खाली असतो. पहिली तपासणी सकाळी साडेसातला आणि दुसरी दुपारी तीनला केली तर त्या फरकावरून गोळीचा डोस बदलू नका. वेळ तीच, लॅबही शक्यतो तीच, कारण यंत्र आणि पद्धत बदलली की आकडा थोडा हलतो. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त दिल्यानंतर घ्या. गोळीनंतर काही तास फ्री टी४ वर चढलेलं असतं.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: बायोटिन. केस-नखांच्या गोळ्यांत ते १० मिलिग्रॅमपर्यंत असतं, शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. बऱ्याच यंत्रांत रसायनाची पकड बायोटिनवरच बसवलेली असते. रक्तात बायोटिन जास्त असेल तर अशा यंत्रावर टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त येतं. आता गंमत बघा. हायपोथायरॉइडमध्ये केस गळतात, म्हणून बाई बायोटिन घेते, त्यामुळे खरा १२ असलेला टीएसएच ४च्या आत छापला जातो, रिपोर्टवर 'नॉर्मल' येतं आणि पुढचा डॉक्टर फायब्रो लिहितो. तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर आणखी जास्त. आणि काउंटरवर सांगा, आम्ही विचारायची वाट बघू नका.

सीकेसाठी आदल्या दोनतीन दिवसांत जड व्यायाम, कुळागरातलं खणकाम, दंडात किंवा कुल्ल्यावर घेतलेलं इंजेक्शन यातलं काही झालं असेल तर तेही सांगा. नुसत्या डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनने सीके वर जातं आणि विनाकारण घबराट होते.

कुळागर

बायोटिनचं उपयोगी. टीएसएच खरोखरच नॉर्मल असून थायरॉइड बिघडलेला, असंही असतं ना?

मांडवीकाठ

असतं, आणि फायब्रोचा शिक्का मारण्याआधी ते आठवायलाच हवं. बिघाड थायरॉइडमध्ये नसून पिट्यूटरीत, म्हणजे टीएसएच बनवणाऱ्या मेंदूच्या तळाच्या ग्रंथीत असेल तर टीएसएच वाढणारच नाही. आपल्या देशात याचं एक ठळक कारण म्हणजे शीहान सिंड्रोम: बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव झालेला, बाळाला पाजायला दूधच उतरलं नाही, पाळी परत आली नाही, काखेतले केस गेले, रक्तदाब कमी, सोडियम कमी. हे निदान कित्येकदा खूप वर्षांनी होतं आणि तोवर 'अशक्तपणा', 'वात', 'टेन्शन', आता 'फायब्रो' अशी नावं बदलत जातात. टीएसएच २.५, फ्री टी४ ०.५ अशी जोडी दिसली की सकाळी आठचं कॉर्टिसॉल (शरीरातलं स्टिरॉइड संप्रेरक) मागवायचं. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी स्टिरॉइड, मग थायरॉक्सिन. क्रम उलटा झाला तर जिवावर बेततं. म्हणून नुसत्या टीएसएचवर फायब्रो ठरवू नये, फ्री टी४ एकदा तरी हवंच.

फिजिओ_मडगाव

रिपोर्ट यायच्या आधी हातांनी बरंच कळतं.

खुर्चीत बसवून हात छातीवर घडी घालायला सांगायचं आणि पाच वेळा उठबस करायला लावायचं. हायपोथायरॉइडच्या स्नायूदोषात मांड्या-खांदे खरोखर दुबळे असतात. तिसऱ्या उठण्याला पेशंट पुढे झोकांडी देतो, चेहऱ्यावर वेदना नसते, ताकदच नसते. बस चढताना हाताने दांडा ओढावा लागतो, माळ्यावरचं काढायला हात वर टिकत नाही. फायब्रोत उठणं जमतं, पण दुखतं, आणि दुखल्यामुळे मध्येच सोडून दिलं जातं.

दुसरं, खुर्चीवर गुडघे टेकवून पावलं मागे मोकळी सोडायची आणि टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारायची. पाऊल झटक्यात हलतं, पण परत जागेवर येताना सावकाश, जणू तेलातून येतंय असं आलं तर थायरॉइड तपासलाच पाहिजे. नव्या मुलांना हे दिसत नाही, कारण ते झटका बघतात आणि परतीकडे बघतच नाहीत.

तिसरं, बीपीचा पट्टा. फुगवताना दंड असह्य दुखला, घड्याळाचा पट्टा किंवा ब्लाउजची बाहीही सहन होत नसेल तर पारडं फायब्रोकडे झुकतं. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन झोपमोड, हात झटकला की बरं, हे कार्पल टनेल. ते हायपोत सर्रास दिसतं आणि 'सगळे हात दुखतात' या वाक्यात लपून जातं.

व्यायामाबद्दल एक इशारा. फायब्रोच्या २०१७च्या युरोपीय शिफारशींत ज्या एकाच उपायाला ठाम पसंती मिळाली तो व्यायाम. पण उपचार न झालेल्या थायरॉइडच्या स्नायूदोषात पहिल्याच आठवड्यात स्क्वॉट आणि वजनं दिली तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर येऊ शकतं. लघवी कोकमाच्या आगळासारखी लाल-तपकिरी झाली तर थेट इस्पितळ. म्हणून दुबळेपणा दिसला तर आधी सीके, मग ताकदीचे व्यायाम.

फायब्रो नक्की झाला असेल तर सुरुवात पाच ते दहा मिनिटांच्या सपाट चालण्याने, एक दिवसाआड. दर आठवड्याला दहाएक टक्के वाढ. बरं वाटलेल्या दिवशी दुप्पट करायचं नाही, वाईट दिवशी शून्यावर यायचं नाही, हे दोन नियम मोडल्यानेच बहुतेकांची गाडी अडते. तीन महिन्यांनी २०-३० मिनिटं, आठवड्यातून तीनदा, आणि दोनदा हलके ताकदीचे व्यायाम. पावसात चालायला जमत नसेल तर घरातल्या लांब पडवीत फेऱ्या चालतात. श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट पूर्ण कोसळत असेल तर मात्र हा तक्ता लावू नका. ते क्रॉनिक फटीगचं, म्हणजे दीर्घ थकव्याच्या आजाराचं लक्षण असू शकतं, तिथे ढकलल्याने नुकसान होतं.

पडवी

फिजिओ, माझं नाव फुकटात वापरलंत. :)

फायब्रोची मोजणी कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. १८ बिंदू दाबून ११ दुखले की फायब्रो, हा १९९०चा नियम. अजून काही जण त्याच्यावरच अडलेत. २०१६च्या पद्धतीत दोन आकडे काढतात.

पहिला, गेल्या आठवड्यात १९ पैकी किती जागी दुखलं. दोन्ही बाजूंचे जबडा, खांदा, दंड, कोपराखालचा हात, कुल्ला, मांडी, पोटरी मिळून १४, आणि मान, पाठीचा वरचा भाग, कंबर, छाती, पोट हे ५. दुसरा, तीव्रता: थकवा, न ताजं करणारी झोप, डोक्यातलं धुकं यांना प्रत्येकी ० ते ३, अधिक गेल्या सहा महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटातलं दुखणं, नैराश्य असल्यास प्रत्येकी १. एकूण १२.

पहिला ७ किंवा जास्त आणि दुसरा ५ किंवा जास्त; नाहीतर पहिला ४ ते ६ आणि दुसरा ९ किंवा जास्त. शिवाय दोन हात, दोन पाय आणि मधलं धड अशा पाचपैकी चार भागांत दुखणं हवं, त्यात जबडा, छाती आणि पोट धरायचं नाही. आणि हे सगळं किमान तीन महिने. मान, खांदे, कंबर एवढंच दुखणाऱ्या शिलाईवालीला किंवा कॉम्प्युटरवाल्याला फायब्रो लावतात तेव्हा बहुधा हा शेवटचा नियम कोणी तपासलेला नसतो.

ही मोजणी थायरॉइडच्या उपचाराआधी एकदा आणि नंतर एकदा करावी. १४ आणि ९ वरून ५ आणि ३ वर आलं तर कारण थायरॉइडच होतं. १४ वरून १३ वर आलं आणि टीएसएच २वर स्थिर आहे, तर उरलेलं दुखणं फायब्रोचं धरून त्याचे उपचार सुरू करायचे, थायरॉक्सिन वाढवायचं नाही.

कुळागर

'नंतर' म्हणजे किती नंतर?

पडवी

थायरॉक्सिनचं अर्धायुष्य सुमारे सात दिवस. रक्तातली पातळी स्थिरावायला पाचएक आठवडे, पिट्यूटरीला त्याची दखल घ्यायला थोडा वेळ, म्हणून टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनीच करतात. पंधरा दिवसांत केलेला टीएसएच कागद वाया घालवतो. सीके आठवड्या-महिन्यांत उतरतं, स्नायूंची ताकद आणि दुखणं त्याहून सावकाश, सहा महिनेही लागतात. म्हणजे फेरमोजणी टीएसएच ताळ्यावर आल्यापासून तीन ते सहा महिन्यांनी. गोळी सुरू होऊन महिना झाला आणि अजून दुखतंय, म्हणून फायब्रो ठरवणं ही घाई.

गोळीपुडी

औषधाच्या दुकानाच्या बाजूने.

पूर्ण गरजेचा डोस साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, ६० किलोला जवळपास १०० मायक्रोग्रॅम. हृदयविकार किंवा वय जास्त असेल तर १२.५ किंवा २५ पासून चढत जायचं. १०० चालू असूनही टीएसएच १५ येत असेल तर डोस वाढवण्याआधी गोळी पोटात कशी जाते ते विचारा.

सकाळी नुसत्या पाण्याबरोबर, चहा-पोयच्या आधी अर्धा ते एक तास. चहाच्या पहिल्या घोटाबरोबर नको आणि कॉफीबरोबर तर नकोच. सकाळी जमत नसेल तर रात्री जेवल्यानंतर किमान तीन तासांनी. लोह, कॅल्शियम आणि अँटासिड चार तास दूर ठेवा. आता अंगदुखीच्या पेशंटची चिठ्ठी बघा: वेदनाशामक, त्याच्या जोडीला उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल (अ‍ॅसिडिटीची गोळी), कॅल्शियम, लोह. यातली चारपैकी तीन औषधं थायरॉक्सिनचं शोषण कमी करतात आणि तिन्ही दुखण्याच्या नावाखाली आलेली! पॅन्टोप्राझोल वेळ बदलून सुटत नाही, पोटातलं आम्लच कमी होतं. ते लागतच असेल तर टीएसएचनुसार डोस जुळवायचा, नको असेल तर डॉक्टरांना विचारून बंद करायचं.

थायरॉक्सिनच्या गोळीला ओल, ऊन आणि उकाडा सोसत नाही. शंभर गोळ्यांची बाटली उघडून चुलीवरच्या फडताळात ठेवली की जून ते सप्टेंबरच्या दमटपणात तिचा कस उतरतो. मूळ बाटली, झाकण घट्ट, आतली सुकवण्याची पुडी न काढता, कोरड्या खोलीतल्या कपाटात. आठवड्याच्या डबीत भरायची तर एका आठवड्याचीच भरा. एखादी चुकली तर आठवल्यावर घ्या किंवा दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालतं, पण हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

फायब्रोच्या औषधांचाही घोळ आहे. प्रीगाबालिनने वजन वाढतं, पाय सुजतात, पेंग येते. अमिट्रिप्टिलिनने बद्धकोष्ठता आणि कोरडं तोंड. ही लक्षणं बघून कोणीतरी परत म्हणतं, 'थायरॉइड वाढला असणार.' औषध सुरू झाल्याची तारीख आणि लक्षण सुरू झाल्याची तारीख शेजारी लिहून बघा, निम्मे वाद मिटतात.

आबोली

नेटवर एक मत आहे की फायब्रो म्हणजे पेशींमधला थायरॉइड-विरोध, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल असले तरी टी३ द्यावं, रिव्हर्स टी३ (टी३चं निष्क्रिय रूप) तपासावं, पहाटेचं तापमान मोजावं. यात काही तथ्य?

मांडवीकाठ

मत जुनं आहे आणि ऐकायला सुसंगत वाटतं, म्हणून टिकून आहे. पण मान्यताप्राप्त उपचारांत त्याला जागा मिळालेली नाही. थायरॉइड संप्रेरकाला खराखुरा पेशीविरोध हा दुर्मिळ जनुकीय आजार असतो आणि त्यात बहुधा फ्री टी४ वर असतं. रिव्हर्स टी३ कुठल्याही मोठ्या आजारपणात, उपासमारीत वाढतं, त्यावरून डोस ठरत नाही. पहाटेचं तापमान खोली, पाळीचं चक्र, झोप सगळ्याने हलतं. टी३ दिल्यावर दोन आठवडे तरतरी वाटते हे खरं, कुणालाही वाटेल. पुढे धडधड सुरू होते.

कांचनार गुग्गुळाबद्दल कोणी विचारायच्या आधीच सांगतो: घ्यायचा तर वैद्याच्या देखरेखीखाली घ्या, पण टीएसएच ५८ असताना थायरॉक्सिन बंद करून नाही.

डिचोलीवाले

तिसरा भिडू कोणीच आणला नाही. गोव्यात पावसाळ्यात आणि नंतर अंगदुखी म्हटली की चिकनगुनिया आधी विचारा. ताप गेल्यावर सांधेदुखी महिनोन् महिने, काहींची वर्षभराहूनही जास्त रेंगाळते. फरक असा की तिथे सांधे, विशेषतः मनगटं, बोटं आणि घोटे, सुजू शकतात. फायब्रोत सूज नसते.

ड जीवनसत्त्वाची कमतरता तीव्र झाली की हाडंच दुखतात, नडगी किंवा बरगडी दाबली की पेशंट ओरडतो, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज वर जातं. किनाऱ्यावर राहतो म्हणून ऊन मिळतं असं नाही, दुपारभर घरात किंवा ऑफिसात असलेल्याला कुठलं ऊन? शाकाहारी असेल तर बी१२. पाळी जड असेल तर फेरिटिन (लोहाचा साठा), आणि जड पाळी हे हायपोथायरॉइडचंही लक्षण आहे हे विसरू नका. पन्नाशीनंतर अचानक दोन्ही खांदे आणि कुल्ले आखडले, ईएसआर-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या) वर, तर पॉलिमायल्जिया. ते वेगळंच प्रकरण, तिथे स्टिरॉइड लागतात. फायब्रोत ईएसआर आणि सीआरपी दोन्ही नॉर्मल हवेत.

आणि कोलेस्टेरॉलची गोळी. हायपोत एलडीएल वाढतं, म्हणून स्टॅटिन सुरू होतं, आणि बिनउपचाराच्या हायपोत स्टॅटिनने स्नायू दुखण्याचा धोका आणखी वाढतो. स्टॅटिनच्या आधी एक टीएसएच करा. थायरॉइड ताळ्यावर आला की एलडीएल पुष्कळदा स्वतःच उतरतं.

कुळागर

मिठाचं काय? आगरवाडा, हडफडेकडचं मिठागराचं जाडं मीठ घरोघरी येतं. त्याने थायरॉइड होतो असं म्हणतात.

डिचोलीवाले

आगरातल्या मिठात आयोडीन घातलेलं नसतं हे खरं, आणि २००६पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर मनाई आहे. खारं घालायला, सुकं करायला आगराचं वापरा, रोजच्या हुमणात (माशाच्या कालवणात) आयोडीनवालं. पण इथल्या हायपोचं मुख्य कारण आयोडीनची कमतरता नसून हाशिमोटो आहे. तिथे उलट जास्तीचं आयोडीन, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल वगैरे, बिघाड वाढवतं. त्या कॅप्सूलना 'थायरॉइड सपोर्ट' म्हणून विकतात, ही कमाल आहे.

पडवी

गोमेकॉच्या (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत जाताना काय न्यावं हे दोघांनी निरोपात विचारलं. एक पान पुरे. वर टीएसएच आणि फ्री टी४चे सगळे जुने आकडे तारीख-वेळेसकट, त्याखाली तेव्हाचा डोस. मग चालू औषधं, बायोटिन-कॅल्शियमसकट, कोणती किती वाजता. १९ जागांची मोजणी. शेवटचं बाळंतपण आणि त्यातला रक्तस्राव. घरात कोणाला थायरॉइड, संधिवात. फाइल जाड असून उपयोग नाही, बांबोळीच्या गर्दीत डॉक्टरला मिनिटं मोजून मिळतात.

आबोली

शेवटचं एक विचारते. कुवेतहून आलेल्या रिपोर्टमध्ये फ्री टी४ १४ आणि इथल्या लॅबमध्ये १.१. तीन महिन्यांत १४ वरून १.१? तिथल्या डॉक्टरने डोस तोच ठेवलाय, इथे वाढवायला सांगतायत.

लॅबवाला_म्हापसा

आबोलीताई, एकक वाचा. तिथे पिकोमोल प्रति लिटर, इथे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. १४ला १२.८७ने भागा, १.०९ येतं. पडलं नाही काही. टीएसएचचा आकडा दोन्हीकडे तोच राहतो, तो किती आहे ते बघा आणि इथल्या डॉक्टरांना दोन्ही कागद एकत्र दाखवा.